पत्ता, रक्कम आणि मूल

सिडनीच्या ऑपेरा हाउसची पांढरी शिडे आज जगभरच्या कॅलेंडरांवर दिसतात. ती वास्तू उभी करण्यासाठी लागलेला पैसा बराचसा सोडतीच्या तिकिटांतून आला. १ जून १९६० रोजी दहाव्या सोडतीचा निकाल लागला आणि एक लाख पौंडांचे पहिले बक्षीस बॉन्डाय भागात राहणाऱ्या बॅझिल थॉर्न या फिरत्या विक्रेत्याला मिळाले. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे विजेत्याचे नाव आणि घराचा पत्ता वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. लोकांनी कौतुकाने वाचला, हेव्याने वाचला. त्यात काही गैर आहे असे कोणाच्या मनातही आले नाही.

७ जुलैच्या सकाळी थॉर्न यांचा आठ वर्षांचा मुलगा ग्रेम शाळेत जायला निघाला. घराजवळच्या कोपऱ्यावर तो उभा राहायचा आणि ओळखीच्या एक बाई त्याला आपल्या गाडीतून शाळेत पोचवायच्या. त्या दिवशी कोपरा रिकामा होता. थोड्याच वेळात घरचा फोन वाजला. घरी येऊन पोचलेल्या पोलीस अधिकाऱ्याने मुलाचा बाप असल्याचे भासवून तो घेतला. पलीकडच्या माणसाने २५ हजार पौंड मागितले. एवढा पैसा मी आणू कुठून, असे तो अधिकारी म्हणाला, आणि ते नाटक नव्हते. या घराला सोडत लागली आहे हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते. अपहरणकर्त्याला मात्र ते पेपरातून कळून पाच आठवडे झाले होते.

ग्रेम परतला नाही. १६ ऑगस्टला सीफोर्थ येथे त्याचा मृतदेह मिळाला. अंगाभोवती गुंडाळलेले जाड पांघरूण, त्यावरचे पेकिनीज कुत्र्याचे केस, गुलाबी चुन्याचे कण आणि झाडांच्या बिया एवढ्या खुणांवरून पोलीस स्टीफन ब्रॅडलीच्या घरापर्यंत पोचले. तोवर तो कुटुंबासह ‘हिमालया’ जहाजावर चढून ऑस्ट्रेलियाबाहेर पडला होता. कोलंबो बंदरात त्याला पकडले. पोलिसांना दिलेल्या जबाबात त्याने सांगितले की थॉर्न यांना सोडत लागल्याचे पेपरात वाचले आणि त्यांचा मुलगा पळवायचे ठरवले. खटल्यात त्याने हा जबाब नाकारला, पण ज्यूरीने त्याला दोषी धरले आणि जन्मठेप झाली.

प्रसिद्धीमुळे मुले धोक्यात येतात का, हा वाद बहुधा अपहरण झाल्यानंतरच्या बातम्यांवरून होतो. सिडनीत धोका आधीच छापून घरोघर पोचला होता, तोही आनंदाची बातमी म्हणून.

ते १९६० साल या दृष्टीने फार वाईट गेले. १२ एप्रिलला पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथील गोल्फ क्लबात वाळूत खेळणारा चार वर्षांचा एरिक पेजो नाहीसा झाला. मोटारी बनवणाऱ्या पेजो घराण्याचा तो नातू. मागे टंकलिखित चिठ्ठी होती: पाच कोटी जुने फ्रँक द्या. ही चिठ्ठी गुन्हेगारांनी एका अमेरिकन रहस्यकादंबरीतून उचलली होती, हे पुढे उघड झाले. वडिलांनी जाहीर आवाहन केले, पैसे दिले, आणि तीन दिवसांत पोर पॅरिसच्या रस्त्यावर सुखरूप सापडले. जगभरच्या पत्रांनी ती कथा तपशीलवार छापली. मूल श्रीमंताचे, मागणी मोठी, पैसे पोचले, गुन्हेगार बेपत्ता. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये मेजेव्ह या बर्फाच्या खेळांच्या गावी ते पकडले गेले खरे, पण मधले अकरा महिने ही यशस्वी धंद्याची जाहिरातच होती.

त्या जाहिरातीचे गिऱ्हाईक टोकियोत निघाले. एरिक घरी परतून महिना होतो न होतो तोच, १६ मे रोजी, गिन्झा भागातल्या बॅगांच्या एका दुकानदाराचा सात वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवरून पळवला गेला. पळवणारा शिगेहिसा मोतोयामा पेशाने दंतवैद्य होता. पॅरिसच्या बातम्यांवरूनच त्याला ही कल्पना सुचली. यावेळी मात्र टोकियोचे बातमीदार पोलिसांच्या पावलावर पाऊल टाकून होते आणि तपासाची बित्तंबातमी पेपरात येत होती. तिसऱ्या दिवशी मुलाचा मृतदेह मिळाला. पकडल्यावर मोतोयामा म्हणाला की त्या बातम्यांनी आपल्याला कोंडीत पकडले. खुन्याच्या या सबबीवर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे. जपानी संपादकांनी मात्र ती झटकून टाकली नाही, आणि त्यांचे हे वागणे मोलाचे आहे.

या भांडणाचे मूळ त्याहून ८६ वर्षे मागे, अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागात सापडते. १ जुलै १८७४ रोजी दोन माणसांनी ख्रिश्चन रॉस यांच्या दोन लहान मुलांना फटाके घेऊन देतो म्हणून घोडागाडीत बसवले. वाटेत मोठ्या वॉल्टरला हातात नाणे देऊन दुकानात पाठवले. तो बाहेर आला तेव्हा गाडी नव्हती आणि चार वर्षांचा चार्लीही नव्हता. मग अशुद्ध इंग्रजीतली पत्रे येऊ लागली: २० हजार डॉलर द्या. रॉस यांचे घर ऐसपैस दिसत होते, पण १८७३ च्या मंदीने त्यांचा व्यापार खचला होता. उत्तर द्यायचे ते वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींतून, असा हुकूम होता. बाप आणि चोर यांचा सौदा असा छापील स्तंभात चालला.

शहरातल्या वजनदार मंडळींनी रॉस यांना सल्ला दिला, पैसे देऊ नका. आज चार्लीचे पैसे मोजले, तर उद्या या शहरातले एकही मूल सुरक्षित नाही. हा युक्तिवाद खोटा नव्हता. पण तो मान्य करायचा तर त्याची किंमत एकाच घराने भरायची होती, आणि सल्ला देणाऱ्यांची मुले रात्री आपापल्या अंथरुणात झोपत होती. जुलै संपण्याआधी महापौरांनी नागरिकांच्या वतीने बक्षीस जाहीर केले. रक्कम तीच: २० हजार डॉलर. चोराला खंडणी द्यायची नाही, पण तेवढाच पैसा खबर देणाऱ्याला द्यायचा. हेतू निर्मळ होता. तरी मुलाच्या डोक्यावर एकदा भाव लिहिला गेला की तो फक्त प्रामाणिक माणसेच वाचतात असे नाही. पिंकर्टन गुप्तहेर संस्थेची पत्रके देशभर गेली आणि मग गावोगावचे ‘चार्ली’ सापडू लागले. ठग आले, स्वप्नात मूल दिसलेले आले, आणि खरोखर कळवळा असलेलेही आले. लहान मुलगा बरोबर घेऊन जाणारा भटका दिसला की त्याला अडवू लागले. ती मुले त्यांच्या आईबापांचीच होती. अनोळखी घोळक्यात उभी करून निरखली जाणारी ती पोरे या प्रकरणाच्या कुठल्याच हिशेबात धरली गेली नाहीत.

महाराष्ट्राच्या वाचकाला इथे धुळे जिल्ह्यातले राईनपाडा आठवल्याशिवाय राहणार नाही. तारीखही तीच, १ जुलै, साल २०१८. मुले पळवणारी टोळी आली आहे अशा मोबाइलवरच्या निरोपांनी महिनाभर गावे धास्तावली होती. त्या काळी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक तर मुलांच्या सुरक्षेसाठी कराचीत बनवलेली जनजागृतीची फीत होती. तिचा खुलाशाचा शेवट कापून ती पुढे ढकलली गेली. राईनपाड्याच्या आठवडे बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. तिथे एकही मूल पळवले गेले नव्हते.

चार्ली रॉसचा शोध १८७४ च्याच डिसेंबरात एका अर्थी संपला. ब्रुकलिनच्या बे रिज भागात घरफोडी करताना दोन चोर गोळ्यांना बळी पडले. मरता मरता एकाने कबुली दिली की चार्लीला आम्हीच नेले, पण तो कुठे आहे हे माझ्या साथीदाराला ठाऊक. साथीदार आधीच मेला होता. वडील १८९७ साली वारले, तोवर शोधत राहिले.

बक्षिसाच्या मोहाने ठग येतात हे १९३२ साली अमेरिकेला आणखी मोठ्या प्रमाणावर दिसले. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल १ मार्चला पळवले गेले, तेव्हा गॅस्टन मीन्स नावाच्या भामट्याने मूल आणून देतो म्हणत एका धनाढ्य बाईंकडून एक लाख डॉलर उकळले. त्या प्रकरणात बातम्यांचा नुसता पूर लोटला होता, पण धागा हाती आला तो खंडणीच्या नोटांच्या क्रमांकांच्या यादीमुळे. १९३४ साली पेट्रोल पंपावरच्या एका नोकराने गिऱ्हाइकाच्या गाडीचा नंबर नोटेवर टिपून ठेवला. बँक ही नोट घेईल की नाही, एवढीच त्याला शंका होती. पुढे बँकेत ती यादीतली नोट म्हणून ओळखली गेली आणि ब्रूनो हाउप्टमन सापडला.

गाजावाजा आणि माहिती यांतला हा फरक न्यूयॉर्कच्या एका पत्राला १९५६ साली कळला नाही. ४ जुलैला लाँग आयलंडवर एका घराच्या अंगणातल्या बाबागाडीतून महिन्याभराचे बाळ गेले. खंडणी होती अवघी दोन हजार डॉलर. बापाने पत्रांना हात जोडले, पैसे पोचेपर्यंत थांबा. बाकीचे थांबायला तयार होते. एकाने पहिल्या पानावर बातमी मारली. दुसऱ्या दिवशी पैसे ठेवायच्या ठिकाणी बातमीदारांची गर्दी उसळली. अपहरणकर्ता अँजेलो लामार्का बाळाला गाडीत घेऊन तिथवर आला होता. गर्दी पाहून तो तसाच पुढे गेला आणि हमरस्त्यालगतच्या झुडपात बाळ टाकून निघून गेला. पुढे सुमारे २० लाख हस्ताक्षरांच्या नमुन्यांतून त्याचे अक्षर जुळवले गेले. एका दिवसाची कळ सोसली असती तर काय झाले असते, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. पण ती सोसायला काय हरकत होती, याचे उत्तर त्या पत्राकडे असायला हवे होते.

टोकियोच्या संपादकांनी ती कळ सोसायची पद्धत बसवली. जून १९६० मध्ये वर्तमानपत्रांच्या संघटनेने ठरवले की मूल अपहरणकर्त्याच्या ताब्यात असून बातमीने त्याच्या जिवाला धोका असेल, तर छापण्यात संयम पाळायचा. पुढे त्याला रीतसर कराराचे रूप आले. पोलीस विनंती करतात, सगळी पत्रे आणि वाहिन्या एकदम थांबतात. त्याच्या बदल्यात पोलिसांनी तपासातले काही न लपवता बातमीदारांना वेळोवेळी सांगायचे. मूल सुटले, किंवा ते जिवंत नाही असे कळले, की बंधन उठते आणि सगळे छापता येते, पोलिसांच्या चुकांसकट. ही दुसरी बाजू महत्त्वाची, कारण नुसते गप्प बसवणे सरकारांना नेहमीच आवडते.

हा करार प्रथम वापरला गेला १९६३ साली. ३१ मार्चला ताइतो भागातल्या बागेतून चार वर्षांचा योशिनोबू नाहीसा झाला. महिनाभर आधीच अकिरा कुरोसावा यांचा, अपहरणावरचा चित्रपट पडद्यावर आला होता, आणि त्याच्या जाहिरात-फितीवरून आपल्याला कल्पना सुचली असे गुन्हेगाराने पुढे सांगितले. पत्रे गप्प राहिली. पण घात पोलिसांकडून झाला. पाच लाख येन ठेवलेल्या जागी ते काही मिनिटे उशिरा पोचले, पैसे गेले, आणि नोटांचे क्रमांक कोणी टिपून घेतले नव्हते.

मग मौन सोडून उलट टोक गाठले. २५ एप्रिलला टेलिफोनवर टिपलेला अपहरणकर्त्याचा आवाज रेडिओ आणि टीव्हीवरून साऱ्या देशाला ऐकवला. माहितीचा ओघ लागला. मुलाला परत द्या, अशी विनवणी करणारे गाणेही १९६५ मध्ये निघाले. त्याच वर्षी जुलैत घड्याळे दुरुस्त करणाऱ्या तामोत्सु कोहाराने कबुली दिली. योशिनोबूला त्याने पहिल्याच रात्री मारले होते, म्हणजे पत्रांचे मौन सुरू होण्याआधीच. मिनामी-सेंजू भागातल्या एंत्सूजी देवळाच्या आवारात त्याने मुलाला पुरले होते. तिथे आता मुलांचा राखणदार मानल्या जाणाऱ्या जिझोची मूर्ती आहे. तिला लोक योशिनोबू जिझो म्हणतात.

सिडनीत सोडतीचा विजेता आपले नाव गुप्त ठेवा असे सांगू शकतो. ती सोय थॉर्न यांच्या मुलाच्या मरणानंतर झाली.