भूगोलाच्या गुरुजींची शाळा

भूगोल म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांना आठवतो तो वर्गाच्या भिंतीवर टांगलेला, कडा झिजलेला नकाशा आणि त्याच्या आधाराने घोकलेली नद्यांची, पर्वतांची व राजधान्यांची नावे. परीक्षा संपली की ती नावेही संपत. याचा दोष आपण सहज विद्यार्थ्यांच्या माथी मारतो, किंवा फार तर गुरुजींच्या. परंतु गुरुजींना हा विषय कोणी, कोठे आणि कसा शिकविला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ब्रिटनमध्ये हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेटाने विचारला गेला. त्याच्या उत्तराचा एक धागा पुढे बडोदे व इंदूरपर्यंत येऊन पोहोचला, म्हणून ती हकीकत आपणही जाणून घेण्याजोगी आहे.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८८४ साली जॉन स्कॉट केल्टी यांना भूगोलाच्या शिक्षणाची पाहणी करण्याचे काम दिले. स्वदेशातील व युरोप खंडातील शाळा पाहून त्यांनी आपला अहवाल सिद्ध केला. जर्मनीत विद्यापीठांतून भूगोलाची अध्यासने होती आणि तेथे शिकून तयार झालेले शिक्षक शाळांना मिळत होते. ब्रिटनमध्ये मात्र या विषयाला मान नव्हता. ज्याला जो विषय शिकवून झाला त्याने उरलेल्या तासाला भूगोल घ्यावा, असाच बहुधा प्रकार असे. या पाहणीनंतर १८८७ साली ऑक्सफर्ड विद्यापीठात भूगोलाच्या प्रपाठकाची जागा निर्माण झाली व तीवर हॅलफोर्ड मॅकिंडर या अवघ्या सव्वीस वर्षांच्या तरुणाची नेमणूक झाली.

पण एका विद्यापीठातील एका जागेने गावोगावच्या शिक्षकांची अडचण कशी दूर व्हावी? ती दूर करण्याचा उद्योग शिक्षकांनीच आरंभिला. रग्बी येथील बेंथम डिकिन्सन या शिक्षकाच्या मनात आले की, जादूच्या कंदिलाने पडद्यावर दाखवावयाच्या काचचित्रांची शाळाशाळांमध्ये देवघेव व्हावी. एवढ्याशा निमित्ताने १८९३ च्या मे महिन्यात ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात मूठभर मंडळी जमली आणि जिऑग्राफिकल असोसिएशन ही संस्था जन्मास आली. १९०१ साली तिचे ‘द जिऑग्राफिकल टीचर’ हे नियतकालिक निघाले. त्याचे संपादक होते अँड्र्यू हर्बर्टसन. ऑक्सफर्डमध्ये १८९९ साली भूगोलाची स्वतंत्र शाखा उघडली होती, तेथेच ते अध्यापन करीत. उन्हाळ्याच्या सुटीत शिक्षकांसाठी तेथे वर्ग भरू लागले. वर्षभर मुलांना शिकवून थकलेले शिक्षक सुटीत पुन्हा बाकावर बसले, आणि आजूबाजूच्या टेकड्या व नदीखोरी पायांनी तुडवू लागले.

या हर्बर्टसनांची जडणघडण मात्र ऑक्सफर्डची नव्हती. ते स्कॉटलंडचे, तेथील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पॅट्रिक गेडिस यांचे ते सहकारी. गेडिस यांनी एडिंबरो येथे दर उन्हाळ्यात अभ्यासवर्ग भरविण्याचा प्रघात पाडला होता आणि त्यांस शिक्षक व शिक्षिका मोठ्या संख्येने येत. १८९२ साली त्यांनी किल्ल्याजवळची एक जुनी इमारत घेतली. तिलाच पुढे ‘आउटलुक टॉवर’ हे नाव मिळाले.

या मनोऱ्यात येणाऱ्यास प्रथम जिने चढवून थेट माथ्यावर नेत. तेथे अंधाऱ्या खोलीत, भिंग व आरसा यांच्या योगाने, भोवतालचे सारे नगर एका शुभ्र गोल मेजावर हलते-चालते उमटे. बाहेरच्या गच्चीवरून तेच नगर, किल्ला, टेकड्या आणि दूरचा समुद्र उघड्या डोळ्यांनी दिसत. मग एकेक मजला खाली उतरावयाचे: आधी एडिंबरो शहराचे दालन, त्याखाली स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषा बोलणारे देश, त्याखाली युरोप, आणि सर्वांत खाली जग. आपल्या पाठ्यपुस्तकांत पृथ्वीचा गोल पहिल्या धड्यात आणि आपला गाव कोठेच नाही, असा क्रम पुष्कळदा असे. येथे तो नेमका उलटा होता. गच्चीनजीक एक लहानशी अंधारी कोठडीही होती. तीत एकच खुर्ची. जे पाहिले ते मनात मुरविण्यासाठी पाहणाऱ्याने तेथे क्षणभर एकटे बसावे, असा हेतू. प्रदक्षिणा झाल्यावर देवळाच्या मंडपात घटकाभर टेकणाऱ्या आपल्या माणसांस त्यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

या इतिहासास एक दुसरी बाजूही आहे व ती झाकून ठेवणे बरे नव्हे. साम्राज्याच्या दृष्टीने विचार करावयास मुलांना शिकवावे, असे मॅकिंडर यांचे उघड मत होते. शिक्षकांना एकत्र आणणारा तोच जादूचा कंदील पुढे ब्रिटनच्या वसाहत खात्याच्या समितीने हाती घेतला. हिंदुस्थानात चित्रकार पाठवून चित्रे घेण्यात आली, आणि त्यांच्यासाठी मॅकिंडर यांनी लिहिलेली हिंदुस्थानविषयक आठ व्याख्याने १९१० साली प्रसिद्ध झाली. साधन एकच, पण एकाने त्यात राज्यकर्त्याच्या गवाक्षातून दिसणारा देश दाखविला, तर दुसऱ्याने आपल्याच घराच्या गच्चीवर उभे राहून पाहावयास शिकविले. शिक्षक कोठे उभा आहे यावर त्याचा भूगोल ठरतो, तो असा.

हे गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले. नगरे पाहावयाची ती नकाशावर नव्हे तर गल्लीबोळांतून हिंडून, हा त्यांचा बाणा येथेही सुटला नाही. १९१६ साली त्यांनी बडोद्याविषयी अहवाल लिहिला, १९१८ साली इंदूरविषयी दोन खंडांचा. आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. इंदुरास त्या काळी प्लेगाने ग्रासले होते. तेथील दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत गेडिस स्वतः सांगत. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, तर ज्या भागातील लोक आपली घरे व गल्ल्या अधिक स्वच्छ करतील त्या रस्त्याने, असे त्यांनी जाहीर केले. घरोघर केरवारे निघाले, डागडुजी झाली. मिरवणुकीत प्लेगाच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, नवी वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार होते, आणि भावी नगराचा आराखडा मिरविणारी नगरदेवताही होती. अखेरीस तुळशीची रोपे वाटण्यात आली. सबंध शहराने आपल्याच रस्त्यांचा भूगोल एका दिवसात वाचला, आणि तो समजण्यासाठी कोणास परकी भाषा शिकावी लागली नाही.

आपल्या शिक्षकांनी यातून काय घ्यावे? मनोरा बांधणे सर्वांना साधणार नाही. परंतु गोमंतकात तरी ज्या गावात देऊळ आहे तेथे पाठ आयताच मांडून ठेवलेला आहे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. ही स्थलांतरे आपण पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांगत आलो. पण ही सारी दैवते जुवारी ओलांडून अंत्रुजातच का आली, हे नकाशा पुढे घेऊन किती वर्गांत विचारले गेले असेल? सोळाव्या शतकात नदीच्या अलीकडे पोर्तुगीज सत्ता होती व पलीकडे आदिलशाही. नदी ही केवळ निळी रेघ नव्हे, ती एका राज्याची सीमा होती आणि एका समाजाच्या श्रद्धेला तिने वाट दिली, हे मुलाला कळले की जुवारी त्याला पुन्हा घोकावी लागत नाही. देवळाच्या तळीत पाणी कोठून येते, खाजनाचा बांध खाऱ्या पाण्याला कसा अडवितो, डोंगरउतारावर कुळागर का फुलते, हे प्रश्नही त्याच जातीचे.

मात्र ते प्रश्न मुलांना विचारण्यापूर्वी गुरुजींनी स्वतःला विचारलेले असावे लागतात. १८९३ साली ऑक्सफर्डला जमलेल्या शिक्षकांपाशी सरकारचा हुकूम नव्हता. काही काचचित्रे होती आणि ती दुसऱ्यास देण्याची इच्छा होती. आपल्याकडे एखाद्या महालातील पाच-दहा शिक्षकांनी सुटीचे चार दिवस काढून देवळाच्या अग्रशाळेत मुक्काम करावा, सकाळी नदीकाठ चालावा, दुपारी आपापले नकाशे एकमेकांपुढे मांडावे. देवस्थान समित्यांनी त्यांस दोन खोल्या व दोन वेळचे जेवण दिले तर तो खर्च वाया जाणार नाही. त्या शिक्षकांच्या हाताखालून जाणारी मुले आपल्या गावाला निराळ्या नजरेने पाहू लागतील.