व्ही बीच: खालून आणि वरून

गॅलिपोलीला जाणारे बरेच लोक अँझॅक कोव्ह बघून परत फिरतात. माझं म्हणणं, अजून थोडं दक्षिणेला जा. द्वीपकल्पाच्या टोकाला, सेद्दुलबहिर गावाला लागून व्ही बीच आहे. २५ एप्रिल १९१५ ला काय झालं ते इथे जमीनच सांगते.

किनारा छोटासा, आणि मागे चढ अर्धगोल. थेट नाट्यगृहासारखा! फक्त इथे प्रेक्षकांच्या हातात बंदुका होत्या. ब्रिटिशांनी ‘रिव्हर क्लाइड’ नावाचं कोळसावाहू जहाज मुद्दाम किनाऱ्याजवळ रुतवलं. आत सुमारे २,००० सैनिक. जहाजाच्या बाजूंना दारं कापलेली, तिथून फळ्यांवरून उतरायचं. कागदावर कल्पना बरी वाटते. पण फळीवर एका वेळी माणसं किती मावणार? आणि दार कुठे आहे हे समोरच्याला दिसतंयच की! पहिल्या तुकड्या दारातच पडल्या. आत उरलेले बरेच जण रात्री अंधारात उतरले.

आता वर चढा. तिथे तुर्कांचं याह्या चाऊश स्मारक आहे. चाऊश म्हणजे सार्जंट. तिथून खाली बघितलं की अख्खा किनारा तळहातावर असल्यासारखा दिसतो. दोन्ही बाजूंनी उभं राहिल्याशिवाय ही जागा कळत नाही. खाली पाण्यालगतच्या दफनभूमीत निम्म्याहून जास्त मृतांची ओळख पटलेली नाही.

जवळच्या टेकडीवर हेलेस स्मारक, ३० मीटरहून उंच स्तंभ. भिंतींवर २० हजारांहून जास्त नावं, ज्यांची कबर सापडली नाही त्यांची. त्यात आपली नावं आहेत. १४ वी शीख पलटण ४ जून १९१५ ला गली रॅव्हाइनमध्ये लढली आणि एका दिवसात निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. आणि अँझॅकला पहिल्याच दिवशी भारतीय डोंगरी तोफखाना उतरला होता, बरं का. पाणी, दारूगोळा खेचरांवर लादून वर नेणारेही भारतीयच. सिनेमात मात्र हे कोणी दिसत नाहीत.

सहलीची बस या भिंतीपाशी थांबेलच असं नाही. तुम्ही थांबवायला सांगा.