न झालेले प्रवास

वाहतुकीचे नियोजन मोजणीपासून सुरू होते. कुठल्या थांब्यावर किती जण चढले, घरोघरच्या पाहणीत काल कोण कुठे गेले, यावरून मार्ग आणि फेऱ्या ठरतात, गाड्यांची खरेदी होते. दिव्यांगांच्या प्रवासाचा अभ्यास मात्र या मोजणीत जे सापडत नाही तिथून सुरू करावा लागतो. बसच्या पायरीपाशी अडणार हे ठाऊक असल्याने जो घरीच राहिला, त्याच्या नावापुढे ‘काल प्रवास नाही’ एवढे लिहून अर्ज मिटतो. मग थांब्यावर व्हीलचेअर दिसतच नाही, रॅम्प कोणासाठी लावायचा, असा प्रश्न बैठकीत निघतो आणि तो बऱ्याचदा प्रामाणिकपणे विचारलेला असतो. ‘कुठे जायचे होते आणि गेला नाहीत?’ असे विचारूनही सहसा भागत नाही. ‘कुठे जायचंच नव्हतं,’ असे उत्तर येते. बँक, बाजार, दवाखाना, बहिणीचे घर, गावातले लग्न असे एकेक ठिकाण घेऊन विचारले, की जाणे केव्हा आणि का थांबले ते हळूहळू कळते.

आकड्यांकडेही याच नजरेने पाहावे. 2011 च्या जनगणनेने देशात 2.68 कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के दिव्यांग नोंदवले. त्यानंतर 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले. जनगणनेत ते इतके नव्हते. शिवाय गुडघे धरलेली आजी यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण पायरी तिलाही तेवढीच उंच. एसटीच्या साध्या गाडीत दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. चांगली गोष्ट आहे. पण सवलतीच्या तिकिटांची नोंद होते ती चढू शकलेल्यांचीच. आणि सवलतीसाठी लागणारे प्रमाणपत्र काढायला आधी सरकारी रुग्णालय गाठावे लागते, बहुधा त्याच गाडीने.

या विषयात थोडे गणितही आहे आणि ते टाळू नये. शहरी बसच्या केंद्रीय निकषांत तळाच्या तीन उंच्या येतात: 400, 650 आणि 900 मिलिमीटर. त्यातली सर्वांत बुटकी बस घेऊ. फूटपाथ 150 मिलिमीटर उंच असेल, तर उरले 250. बसचा रॅम्प एक मीटर लांब धरला तर चढ 1:4 होतो. इमारतीच्या रॅम्पसाठी 1:12 योग्य मानतात, तेव्हा हा चढ आधीच खडा आहे. त्यातही ड्रायव्हरने गाडी फूटपाथपासून लांब, रस्त्याच्या मधोमध उभी केली, तर रॅम्प थेट डांबरावर उतरतो आणि चढ 1:2.5 होतो. मागून धडधाकट माणूस ढकलत असला तरी तिथे व्हीलचेअर चढवणे धोक्याचेच. बस तीच, रॅम्प तोच, बदलली ती फक्त गाडी उभी करायची जागा. बस परिवहन उपक्रम विकत घेतो, फूटपाथ पालिकेचे पथ खाते बांधते आणि थांब्यापुढे रिक्षा उभ्या राहू नयेत हे वाहतूक पोलिसांनी पाहायचे. तिघांच्या फायली एका टेबलावर क्वचितच येतात. पुणे किंवा अहमदाबादच्या बीआरटीत बस आणि फलाट एका पातळीत ठेवण्याची कल्पना आहे, म्हणजे बसला रॅम्पची गरज नाही. पण 900 मिलिमीटर उंचीच्या फलाटावर 1:12 ने चढायला जवळपास अकरा मीटर जागा लागते, आणि गाडी फलाटापासून वीतभर दूर थांबली तरी पुढची चाके फटीत जातात. ड्रायव्हरचे प्रशिक्षण हा म्हणूनच मला अभियांत्रिकीचाच भाग वाटतो.

अंध प्रवाशाची अडचण निराळी. समोर उभी राहिलेली गाडी कोणत्या मार्गाची, हे त्याला बाहेर ऐकू येणाऱ्या घोषणेशिवाय कळत नाही. बहिऱ्याला तीच माहिती डोळ्यांना दिसायला हवी. फलाटावरच्या पिवळ्या फरशांची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांची, 1965 सालची. त्या पहिल्यांदा 1967 मध्ये ओकायामातल्या अंधशाळेजवळ बसवल्या गेल्या. लांब रेघा म्हणजे चाला, गोल उंचवटे म्हणजे सावध व्हा. आपल्याकडे या फरशा थेट खांबावर जाऊन आदळतात, तेव्हा त्या लावणाऱ्याला ही लिपी कोणी शिकवलीच नव्हती हे उघड होते.

कायद्याचा भाग येथे थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष आखायला सरकारला तीन महिने दिले.

जुना वाद मात्र मिटलेला नाही: सर्वांच्या बसमध्ये सोय करायची, की वेगळी घरपोच गाडी द्यायची? जुलै 1978 मध्ये डेन्व्हरमध्ये 19 दिव्यांग कार्यकर्त्यांनी दोन बस रात्रभर अडवून धरल्या, त्या पहिल्या पर्यायासाठी. अमेरिकेच्या 1990 च्या कायद्याने दोन्ही मान्य केले. नियमित बस वापरणे ज्यांना शक्यच नाही त्यांच्यासाठी मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैलापर्यंत वेगळी गाडी, आणि तिचे भाडे बसच्या दुपटीहून अधिक नाही. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. वेगळी गाडी दिली की मूळ व्यवस्था सुधारण्याची निकड संपते. तरी तिच्यावाचून ज्यांचे चालणारच नाही असे प्रवासी आहेत, आणि तत्त्वापायी त्यांना घरी बसवणे मला पटत नाही.

हा सारा वाद शहरातला आहे. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते आणि एरवी वडाप किंवा भावाची मोटारसायकल एवढाच आधार, तिथे पाऊण मैलाची पट्टी कशाच्या दोन्ही बाजूंना आखायची? या ग्रंथातले सर्वांत तोकडे प्रकरण याच प्रश्नाचे आहे. संशोधनाचा विषय शोधणाऱ्याने ते आधी वाचावे.