एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजन सिलिंडर का नेत नाहीत? नळ्या लावलेल्या पेशंटला स्कॅनला नेताना काय काळजी घ्यायची?

२७ जानेवारी २०१८. मुंबईच्या नायर हॉस्पिटलमध्ये एका वृद्ध महिलेला एमआरआयसाठी नेलं जात होतं. तिच्यासोबत आलेल्या ३२ वर्षांच्या नातेवाईक तरुणाच्या हातात ऑक्सिजनचा सिलिंडर होता. तो सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला आणि मशीनने सिलिंडरसकट त्याला ओढून घेतलं. काही मिनिटांतच त्याचा मृत्यू झाला.

मशीन बंद आहे, असं हॉस्पिटलमधल्या कर्मचाऱ्याने सांगितलं होतं, असा कुटुंबाचा आरोप होता. पोलिसांनी निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा नोंदवून डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांना अटक केली. राज्य सरकारने कुटुंबाला ५ लाखांची मदत जाहीर केली.

या घटनेत एक गोष्ट महत्त्वाची आहे. मृत्यू झाला तो तरुण पेशंटही नव्हता आणि हॉस्पिटलचा कर्मचारीही नव्हता. तो मदतीला आलेला नातेवाईक होता. आपल्याकडे स्ट्रेचर ढकलणं, सलाईनची बाटली धरणं, लघवीची पिशवी उचलणं ही कामं अनेकदा नातेवाईकच करतात. म्हणून ही माहिती फक्त डॉक्टर-नर्सपुरती ठेवून चालत नाही.

एमआरआय मशीन 'बंद' असतं का?

थोडक्यात उत्तर: नाही.

एमआरआयमध्ये एक प्रचंड ताकदीचं चुंबक असतं. हॉस्पिटलमधली बहुतेक मशीन १.५ किंवा ३ टेस्ला क्षमतेची असतात. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ३० हजारांहून अधिक पट. हे चुंबक तयार करणारी तारांची गुंडाळी द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवलेली असते. इतक्या थंडीत तारेला विजेचा विरोधच उरत नाही. त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो.

म्हणजे स्कॅन चालू नसला, आवाज येत नसला, लाईट गेली असली, रात्रीचे दोन वाजले असले, तरी चुंबक चालूच असतं. चुंबकत्व घालवायचं झालं तर हेलियम बाहेर सोडावा लागतो. त्यानंतर मशीन पुन्हा सुरू करायला बराच वेळ आणि मोठा खर्च लागतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रात दोन कर्मचारी ऑक्सिजन सिलिंडर आणि एमआरआय मशीनच्या मध्ये अडकले होते. त्यांची सुटका व्हायला जवळपास चार तास लागले.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २००१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या वेस्टचेस्टर मेडिकल सेंटरमध्ये एका सहा वर्षांच्या मुलाचा एमआरआय चालू होता. ऑक्सिजनच्या पुरवठ्यात अडचण आली, घाईत सिलिंडर आत आणला गेला आणि तो मुलाच्या डोक्यावर आदळला. मुलगा वाचला नाही. २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या गिम्हे शहरातही एका पेशंटचा असाच मृत्यू झाला.

या सगळ्या घटनांत सिलिंडर होता. त्याचं कारण सरळ आहे. नेहमीचे सिलिंडर लोखंडाचे म्हणजे स्टीलचे असतात. आणि ज्याला श्वासाचा त्रास आहे त्याच्यासोबत सिलिंडर असतोच.

मग पेशंटला आत ऑक्सिजन कसा मिळतो?

चांगल्या सेंटरमध्ये एमआरआयच्या खोलीतल्या भिंतीवर ऑक्सिजनची पाईपलाईन असते. सिलिंडर बाहेर ठेवून लांब नळीने पेशंटला या पाईपलाईनला जोडतात. काही ठिकाणी अॅल्युमिनियमचे खास सिलिंडर वापरतात. पण दिसायला सिलिंडर सारखेच असतात आणि त्यावर बसवलेला रेग्युलेटर लोखंडी असू शकतो. त्यामुळे 'हा चालतो' हे तिथल्या टेक्निशियननेच सांगायचं, नातेवाईकाने ठरवायचं नाही.

खोलीत पेशंटची तब्येत अचानक बिघडली तर? तेव्हाही बाहेरची उपकरणं आत न्यायची नसतात. पेशंटला बाहेर काढायचं आणि बाहेर उपचार करायचे, हा नियम आहे. वेस्टचेस्टरची घटना घाईतच घडली होती.

सिलिंडर किती वेळ पुरेल? नळदुर्गचं उदाहरण

नळदुर्ग हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं गाव. मोठ्या तपासण्यांसाठी इथल्या पेशंटला बहुतेकदा सोलापूर गाठावं लागतं. अंतर ४५ ते ५० किलोमीटर. म्हणजे स्कॅन अर्ध्या तासाचा असला तरी ऑक्सिजन काही तास लागतो.

हिशोब सोपा आहे:

सिलिंडरचा दाब × सिलिंडरची पाण्याची क्षमता = ऑक्सिजनचे लिटर
ऑक्सिजनचे लिटर ÷ मिनिटाला लागणारे लिटर = किती मिनिटं पुरेल

आपल्याकडे 'बी टाईप' सिलिंडरची क्षमता साधारण १० लिटर असते. भरलेला असताना दाब १५० च्या आसपास. म्हणजे १५० × १० = १५०० लिटर ऑक्सिजन.

आता समजा जायला एक तास, सेंटरवर थांबायला अर्धा तास, स्कॅनला अर्धा तास आणि परतायला एक तास. एकूण तीन तास, म्हणजे १८० मिनिटं.

पेशंटला मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर ९०० लिटर लागतील. भरलेला सिलिंडर पुरेल.

पण १० लिटर लागत असेल तर १८०० लिटर लागतील. भरलेला सिलिंडरही परतीच्या वाटेत संपेल.

आणि काटा ५० वर असेल तर? मिनिटाला १० लिटरने तो सिलिंडर फक्त ५० मिनिटं चालेल. घरून निघताना 'सिलिंडर आहे' एवढं बघून भागत नाही. काटा बघायचा, हिशोब करायचा आणि निदान दीडपट ऑक्सिजन सोबत ठेवायचा. रस्त्यात ट्रॅफिक लागतं, सेंटरवर नंबर लागतो.

१०८ ची अॅम्ब्युलन्स बोलवली असेल तर डॉक्टरांना पेशंटला किती लिटर ऑक्सिजन चालू आहे ते आधीच सांगा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून सुरू आहे आणि ती तातडीच्या पेशंटसाठी आहे. नुसत्या ठरलेल्या स्कॅनसाठी खासगी गाडी करणार असाल तर ऑक्सिजनची सोय स्वतः विचारून घ्यावी लागते.

सिलिंडर गाडीत किंवा स्ट्रेचरवर सैल ठेवू नका, पेशंटच्या पायांमध्ये तर अजिबात नको. जवळ बिडी-सिगारेट नको. रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावू नका, ऑक्सिजनच्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

कोणती नळी, कोणती काळजी?

सलाईनची लाईन. बाटली हातापेक्षा उंच धरा. खाली गेली तर रक्त नळीत उलटं येतं. टेबलवर घेताना नळी ओढली जाते आणि सुई निघते, म्हणून आधी नळीला ढील द्या. पंपावर ब्लड प्रेशरचं औषध चालू असेल तर पंपाला हात लावू नका. असं औषध काही मिनिटं थांबलं तरी प्रेशर कोसळू शकतं. आणि एमआरआयमध्ये साधा पंप आत जात नाही, त्यामुळे लांब लाईनची सोय आधीच करावी लागते.

लघवीची नळी. निघण्याआधी पिशवी रिकामी करून घ्या. पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा. ती पेशंटच्या पोटावर ठेवली की लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो. जमिनीवरही टेकवू नका.

छातीतली नळी. फुप्फुसाभोवतीची हवा, पाणी किंवा रक्त काढायला ही नळी टाकतात. तिची बाटली छातीच्या खालच्या पातळीवर आणि उभी राहिली पाहिजे. 'सांडेल' म्हणून नातेवाईक कधी कधी नळी चिमटा लावून बंद करतात. हे धोक्याचं आहे. आत हवा साचून फुप्फुस आणि हृदय दाबलं जाऊ शकतं. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चिमटा नाही.

नाकातली नळी. हिला हॉस्पिटलमध्ये राईल्स ट्यूब म्हणतात. स्कॅनला आडवं झोपवायचं असतं. पोट भरलेलं असेल तर अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून फीड कधी थांबवायचं हे आधी विचारा. नाकाजवळ नळीवर किती सेंटीमीटरची खूण आहे ते लिहून ठेवा. परतल्यावर खूण सरकलेली दिसली तर नर्सने तपासल्याशिवाय फीड देऊ नका. काही राईल्स ट्यूबच्या टोकाला धातूच्या बारीक गोळ्या असतात, त्यामुळे एमआरआयआधी ती लावल्याचं आवर्जून सांगा.

गळ्यातली नळी, म्हणजे ट्रेकिओस्टॉमी. ही प्लॅस्टिकची आहे की धातूची ते माहीत करून घ्या. धातूची असेल तर एमआरआयला बदलावी लागू शकते. हलवताना एका व्यक्तीचं लक्ष फक्त या नळीकडे असलं पाहिजे. सोबत कफ ओढायची सोय हवी.

डायलिसिसचा फिस्टुला किंवा कॅथेटर. फिस्टुलाच्या हाताला सुई टोचायची नाही, त्या हाताचं बीपीही मोजायचं नाही. डायलिसिसच्या कॅथेटरमधून स्कॅनचं औषध देऊ द्यायचं नाही. हे टेक्निशियनला स्वतःहून सांगा.

सीटी स्कॅनमध्ये धोका वेगळा

सीटी स्कॅनमध्ये चुंबक नसतं, एक्स-रे असतात. त्यामुळे सिलिंडर ओढला जात नाही. पण टेबल आत-बाहेर सरकतं आणि नळ्या अडकतात. म्हणून स्कॅनआधी टेबल पूर्ण आत नेऊन नळ्या पुरतात का ते बघतात. टेक्निशियनने घाईत हे केलं नाही तर विनंती करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्टची. हे औषध मशीनने जोरात सोडतात. रक्तवाहिन्यांच्या स्कॅनला साधारण गुलाबी किंवा हिरव्या रंगाची, म्हणजे जाड सुई लागते. लहान मुलांना लावतात ती पिवळी सुई एवढा जोर झेलू शकत नाही. मानेतली सेंट्रल लाईन, हातातली पिक लाईन किंवा केमोचा पोर्ट असेल तर तो या दाबासाठी बनवलेला आहे का हे त्यावरच्या खुणेवरून किंवा कार्डवरून बघावं लागतं. तसा नसेल तर तो फाटू शकतो. औषध जाताना अंगात गरम वाटणं नेहमीचं आहे. पण सुईच्या जागी सूज किंवा आग होत असेल तर पेशंटने लगेच ओरडून सांगायचं.

पेशंटला धरायला नातेवाईकाला आत थांबवलं तर शिशाचा अॅप्रन मागा. गरोदर महिलेने आत थांबू नये. एक्स-रे आणि सीटीच्या मशीनवर अणुऊर्जा नियामक मंडळाचं नियंत्रण असतं. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसल्याने ते या मंडळाच्या कक्षेत येत नाही. तिथली शिस्त त्या सेंटरवर आणि दारात उभ्या असलेल्या माणसावरच अवलंबून असते.

न दिसणाऱ्या वस्तू

छातीवरच्या ईसीजीच्या वायरी आणि बोटावरचा साधा ऑक्सिमीटर एमआरआयमध्ये तापतो. वायरीचा वेटोळा कातडीला लागून राहिला तर भाजतं. औषधाच्या काही पट्ट्यांच्या मागे धातूचा पातळ थर असतो, त्याही भाजू शकतात. बेशुद्ध पेशंटला भाजलं तरी तो सांगू शकत नाही. म्हणून पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, जुनं ऑपरेशन, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं नातेवाईकानेच सांगायचं. मंगळसूत्र, जोडवी, करदोट्याची चांदी, केसातल्या पिना, खिशातला मोबाईल आणि चाव्या दारातच काढायच्या. पेशंटच्याही आणि सोबत जाणाऱ्याच्याही.

निघण्याआधी विचारायचे सात प्रश्न

१. हा स्कॅन आजच गरजेचा आहे का, की पेशंट स्थिर झाल्यावर चालेल?
२. सोबत डॉक्टर किंवा नर्स कोण येणार?
३. सिलिंडरचा काटा किती आहे आणि तो किती मिनिटं पुरेल?
४. सेंटरवर पाईपलाईनचा ऑक्सिजन आहे का?
५. पेशंटला कोणकोणत्या नळ्या आहेत याची नोंद कागदावर आहे का?
६. फीड किंवा इन्सुलिन थांबवायचं आहे का?
७. परत आल्यावर नळ्या कोण तपासणार?

सेंटरला फोन करून चौथा प्रश्न आधीच विचारला तर नळदुर्गहून ५० किलोमीटर जाऊन 'आमच्याकडे ऑक्सिजनवरचा पेशंट घेत नाही' हे ऐकायची वेळ येत नाही.

आणि एमआरआयच्या दारात कोणीही, कितीही घाईत, 'मशीन बंद आहे, घेऊन या आत' म्हणालं तरी सिलिंडर, स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर घेऊन आत जाऊ नका. टेक्निशियनला समोर बोलवा. तो हो म्हणेपर्यंत बाहेरच थांबा.