हजेरी, लॉगिन आणि परीक्षा: ओहायोच्या 'ईकॉट'ची गोष्ट

कॉलेजात प्रॉक्सी कुणी कुणी लावलीय? मी लावलीय. मित्राचा रोल नंबर आला की मागच्या बाकावरून 'प्रेझेंट सर'. आज गोष्ट आहे ती अशाच हजेरीची, फक्त हजारो मुलांची आणि कोट्यवधी डॉलर्सची.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २००० साली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' ही ऑनलाइन शाळा सुरू झाली. थोडक्यात ईकॉट. शाळा सरकारी पैशावर चालायची, फी शून्य. व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअर मात्र संस्थापक बिल लेगर यांच्याच खाजगी कंपन्या पुरवायच्या. पटावर जितकी मुलं, तितकं अनुदान.

२००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा, हायस्कूलमध्ये एकदा, आणि किमान ९५ टक्के मुलं परीक्षेला बसलीच पाहिजेत. हे सगळं ऑनलाइन शाळांनाही लागू. आता गंमत बघा: वर्षभर घरात बसून शिकणाऱ्या मुलाला परीक्षेसाठी मात्र प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागायचं. शाळेला गावोगावी जागा भाड्याने घ्याव्या लागायच्या, आणि पालकांना गाडी काढावी लागायची.

मग या परीक्षांनी पोल खोलली का? खोलली ना! ईकॉटचे निकाल वर्षानुवर्षं वाईटच लागत होते. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या 'क्रेडो' केंद्राने देशभरातल्या ऑनलाइन चार्टर शाळा तपासल्या. तशाच पार्श्वभूमीच्या मुलांशी तुलना केली, तर गणितात ही मुलं १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी मागे होती. म्हणजे जवळजवळ अख्खं शालेय वर्ष. वाचनात ७२ दिवस.

त्याच वर्षी ओहायोच्या शिक्षण खात्यातले अधिकारी डेव्हिड हॅन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. चार्टर शाळांवर देखरेख करणाऱ्या संस्थांचं मूल्यमापन करताना त्यांनी ऑनलाइन शाळांचे नापास शेरे हिशोबातून वगळले होते. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट फेल होत होती, म्हणून टेस्टच कमेंट करून टाकली!

शेवटी शाळा पडली ती निकालांमुळे नाही, लॉग फाइलमुळे. राज्याने २०१५-१६ सालचे लॉगिन आणि अभ्यासाच्या नोंदी मागितल्या. शाळेने दाखवली होती १५ हजारांहून जास्त पूर्णवेळ मुलं. पुरावा सापडला सुमारे ६,३०० मुलांपुरता. शाळेचा बचाव काय होता? कायद्याप्रमाणे वर्षाला ९२० तास शिकण्याची संधी द्यायची, ती आम्ही दिली. मुलं प्रत्यक्ष किती वेळ बसली हे मोजणं आमचं काम नाही. राज्याने सुमारे ६ कोटी डॉलर्स परत मागितले. जानेवारी २०१८ मध्ये शाळा बंद पडली आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध २ मतांनी शाळेच्या विरोधात निकाल दिला.

आता थोडं थांबा. माझं रोजचं कामच आकडे मोजायचं. अकाउंट किती आणि खरे वापरणारे किती, हा फरक आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. ओहायोला तो लागू करायला दीड दशक लागलं. परीक्षा दरवर्षी धोक्याची घंटा वाजवत होती, पण पैशाची तार पटसंख्येला जोडलेली होती. घंटेला नाही.

आणि शाळा बंद झाली तेव्हा पटावर सुमारे १२ हजार मुलं होती. वर्ष अर्ध्यावर. त्यांतली काही आधीच्या शाळेत छळ सोसून आलेली, काही आजारी, काही नोकरी करून शिकणारी. त्यांच्यासाठी हीच शाळा उरली होती. पुस्तकात हिशोब लागला तो पैशांचा. बुडालेल्या वर्षांचा परतावा कोणत्याच कोर्टाला देता येत नाही.

म्हणून परीक्षा हव्यात की नकोत हा वाद मला अर्धवट वाटतो. निकाल वाईट लागल्यावर दुसऱ्या दिवशी कोण काय करणार, हे आधी ठरलंय का? ते ठरलं नसेल तर परीक्षा म्हणजे नुसती मुलांची दगदग.

माझ्या प्रॉक्सीने नुकसान झालं ते मित्राचं, एका लेक्चरचं. इथे प्रॉक्सी मोठ्यांनी लावली, आणि गैरहजेरी मुलांच्या नावावर पडली.

भेटू पुढच्या भागात.