ज्यू-मुस्लिम वैर? आधी मुरूड-भायखळ्याकडे बघा!

पश्चिम आशियात युद्ध भडकलं की आपल्या बिबवेवाडीतल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन तट पडतात. 'ज्यू आणि मुसलमान जन्माचे वैरी' हे वाक्य तर ठरलेलंच. मंडळी, महाराष्ट्राचा इतिहास काय सांगतो ते जरा बघू.

रायगडचे बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव पाडलं 'शनिवार तेली'. त्यांच्यातले सामाजी हसाजी दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. 'बनी इस्राईल' हे नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईनं त्यांना वाचवलं, असं हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. आख्यायिका म्हणा हवं तर. पण सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं, हे पक्कं. आणि एका मुस्लिम बाईचे उपकार ज्यू समाजानं इतकी वर्षं जपले, हेही खरंच.

जंजिऱ्याचा नवाब सिद्दी, मुसलमान. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या संस्थानचे कारभारी होते शालोम बापूजी वारघरकर, बेने इस्रायली.

सगळं गोडगोडच होतं असंही नाही. बगदादच्या दाऊद पाशाच्या जाचानं डेव्हिड ससून यांना देश सोडावा लागला. ते मुंबईत आले, व्यापारात मोठे झाले. पुण्याचं ससून हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून उभं राहिलं. कॅम्पातल्या लाल देवळाच्या आवारात त्यांची कबर आहे. त्याच घराण्याच्या नावाच्या भायखळ्यातल्या ज्यू शाळेत आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत!

२६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेक्यांनी मुंबईच्या नरिमन हाऊसमध्ये ज्यूंना मारलं. तेव्हा त्या अतिरेक्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टनं साफ नकार दिला.

म्हणजे जाच केला तो एका पाशानं, खून केले ते अतिरेक्यांनी. शेजाऱ्यांनी नाही.

गाझातल्या पोरांसाठी जीव तुटू दे, इस्रायलच्या ओलिसांसाठीही तुटू दे. माणूस म्हणून तेवढं वाटायलाच हवं. पण तिथलं भांडण इथल्या गल्लीत आणायचं कारण नाही. पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एवढा विचार कराल ना?