मेस्त्रांच्या पाठशाळेची वाटचाल

आमच्या नागऱ्याकडे, एकूणच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ऑर्गन म्हटला की दिवाळीनंतरच्या नाटकाचा मांडव आठवतो. हेच वाद्य गोव्यातल्या चर्चमध्ये वाजवणारा आणि गायकवृंद घडवणारा माणूस म्हणजे मेस्त्र. त्याची पाठशाळा ही आपल्या संगीताची एक मोठी, पण फारशी न गौरवलेली संस्था आहे.

1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला आणि त्याच शतकात चर्चला जोडून पाठशाळा सुरू झाल्या. अक्षरओळख आणि धर्मशिक्षणाबरोबर तिथे स्वरलिपी वाचायला शिकवत. मुलाने आधी स्वर वाचून म्हणायचे, मग व्हायोलिन हाती घ्यायचे. याच राजवटीत इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लग्नातल्या देशी गाण्या-वाद्यांवर बंदी घातली होती, हेही विसरता येत नाही. तरीही गावच्या पोरांनी परके शास्त्र असे आत्मसात केले, की ते त्यांचेच झाले.

मेस्त्राला उसंत नसे. रविवारची मिसा म्हणजे चर्चमधली उपासना, गावचे फेस्त म्हणजे संताचा उत्सव, घरोघरच्या आणि क्रुसापुढच्या लादाइनी म्हणजे गाऊन म्हटलेल्या प्रार्थना, अंत्ययात्रा, सगळीकडे संगीत त्याचेच. उपवासकाळासाठी मोतेत नावाची करुण गीते अनेक मेस्त्र स्वतः रचत. मान मोठा, मिळकत तुटपुंजी. त्यामुळे शिकलेली मुले मुंबईची वाट धरत.

माजोर्ड्याच्या चर्चमधल्या मेस्त्राचा मुलगा अँथनी गोन्साल्विस त्यांतलाच. 1927 मध्ये जन्मलेला हा व्हायोलिनवादक चाळीसच्या दशकात मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आला. तेव्हा बहुतेक संगीतकार चाली तोंडी बांधत. पन्नास-साठ वादकांनी एकत्र वाजवायचे तर कुणीतरी प्रत्येकाचा भाग कागदावर उतरवणे भाग होते. हे काम पाठशाळेत तयार झालेले गोमंतकीय करू शकत होते. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनसाठी हेच केले. गोन्साल्विसांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवले आणि 1958 मध्ये भारतीय रागांवर आधारित सिंफनी मुंबईत सादर केली. तीत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचे नाव आले ते प्यारेलालांच्या गुरुभक्तीमुळे. त्या गाण्यावर नाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? मला वाटते, हिंदी चित्रपटसंगीताच्या त्या सुवर्णकाळाचे निम्मे श्रेय गोव्यातल्या या पाठशाळांना द्यायला हवे.

1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर शिक्षणाची व्यवस्था बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली. लॅटिन मागे पडली; फादर वास्को दो रेगो यांच्यासारख्यांनी कोकणी भक्तिगीते घडवली, ‘गायनांचो झेलो’ हा गीतसंग्रह घरोघरी गेला. हा बदल मला स्वागतार्ह वाटतो. पण पाठशाळा ओस पडत गेल्या आणि स्वरलिपी वाचणारी मुले घटली. पणजीच्या कला अकादमीत फादर लोर्दिनो बार्रेटो यांनी पाश्चात्त्य संगीताचा विभाग आणि गायकवृंद उभा केला, म्हणून धागा तुटला नाही. तरी गावोगावच्या मेस्त्राची जागा एका शहरातली संस्था भरून काढू शकत नाही.

जुन्या मेस्त्रांनी हाताने लिहिलेल्या मोतेतांच्या वह्या ज्यांच्या घरी असतील, त्यांनी त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यांची एक प्रत पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे द्यावी, आणि वहीवर मेस्त्राचे नाव व गाव ठळक अक्षरांत लिहावे.